नवे तंत्र कोणाच्या हातून रुजते? शाश्वत बांधकाम आणि त्यामागच्या यंत्रणांचा आढावा

प्रश्न कुठे आहे

जळगाव जिल्ह्यातल्या बोदवड तालुक्यात आज घर बांधायला काढले, तर भिंतीसाठी दोन पर्याय समोर येतात. एक, भट्टीत भाजलेली लाल वीट. दुसरा, शेजारच्या भुसावळ तालुक्यातल्या दीपनगर औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणची राख, सिमेंट किंवा चुना आणि कच मिसळून दाबयंत्रावर पाडलेली राखेची वीट. राखेच्या विटेला शेतातली माती लागत नाही, भट्टीचे जळण लागत नाही आणि वीज केंद्राजवळ साचणाऱ्या राखेलाही वाट मिळते. हे तंत्र आता नवेही राहिलेले नाही. केंद्र सरकारने राखेच्या वापराची पहिली अधिसूचना १४ सप्टेंबर १९९९ रोजी काढली. तरी कोणती वीट लागणार हे विटेच्या गुणावर क्वचितच ठरते. घरमालक मिस्तरीला विचारतो. मिस्तरी हाताला सवयीची असलेली वीट सांगतो. काम सरकारी असेल तर कनिष्ठ अभियंता दरसूची उघडून बघतो आणि ठेकेदार उधारीवर माल कोण देईल ते बघतो.

शाश्वत बांधकामावरची आपल्याकडची चर्चा बहुतेक साहित्याभोवती फिरते: माती, बांबू, राख, चुना, सौर ऊर्जा. तिला समांतर अशी दुसरी एक चर्चा गेली सहा-सात दशके चालू आहे. बांधकाम करणाऱ्या संस्थांची रचना कशी आहे, म्हणजे निर्णय कोण घेतो, चुकले तर भुर्दंड कोणावर पडतो आणि एका कामाचा अनुभव पुढच्या कामाला कसा मिळतो, यावर नवे तंत्र रुजते की नाही हे ठरते, असे त्या चर्चेचे म्हणणे आहे. त्या चर्चेचा हा आढावा आहे. उदाहरणे शक्यतो खानदेशातली आणि महाराष्ट्रातली घेतली आहेत.

पार्श्वभूमी : धाब्यापासून निविदेपर्यंत

खानदेशातले जुने घर म्हणजे धाब्याचे घर. जाड मातीच्या भिंती, लाकडी खांब, खांबांवर सरे, सऱ्यांवर कड्या, कड्यांवर काटक्या आणि पऱ्हाट्या, त्यावर चिखलाचा थर आणि सगळ्यात वर पाणी मुरू न देणारी खारी माती. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या या मुलखात असे छत दिवसाचे ऊन आत येऊ देत नसे. पण हे तंत्र एकट्या मातीवर उभे नव्हते. दरवर्षी मृगाच्या आधी धाब्यावर नवी खारी टाकावी लागे. खारी कुठल्या खाणीतली आणायची हे घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असे. सुतार गावचाच असल्यामुळे कडी वाकली तर त्याला गाठण्यासाठी कुठे जावे लागत नसे. घर बांधणारा, दुरुस्त करणारा आणि त्यात राहणारा ही माणसे एकमेकांना आयुष्यभर बांधलेली होती.

या व्यवस्थेला दुसरी बाजूही आहे. कामे जातींत वाटलेली होती आणि चांगले लाकूड सगळ्यांच्या नशिबी नव्हते. वाळवी, गळती आणि धाब्याचे ओझे या कटकटी कायमच्या होत्या. ही व्यवस्था मोडली तेव्हा अनेकांना सुटल्यासारखेच वाटले. आढाव्याच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की लाकूड महागले, सुतार शहरात गेला, वर्षाची खारी टाकायला घरात माणूस उरला नाही, आणि तंत्र तिथेच थांबले.

दुसरी परंपरा सरकारी आहे. १८५०च्या दशकात डलहौसीच्या कारकिर्दीत सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले आणि त्याबरोबर कामाची विभागणीही आली. आराखडा एकाचा, अंदाजपत्रक दुसऱ्याचे, बांधकाम निविदा भरणाऱ्या ठेकेदाराचे आणि देखरेख अभियंत्याची. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, मोजमाप पुस्तक, देयक ही साखळी आजही जिल्हा परिषदेच्या शाळाखोलीपासून तहसील कार्यालयाच्या इमारतीपर्यंत चालते. सार्वजनिक पैशाचा हिशेब राहावा हा तिचा हेतू आहे आणि तो रास्तही आहे.

तिसरी परंपरा प्रयोगशाळांची. रुरकीची केंद्रीय भवन संशोधन संस्था १९४७ पासूनची. काळ्या मातीत पाया फुगून घर तडकू नये म्हणून तळाशी फुगवटा असलेले खांब तिथे विकसित झाले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये ए. के. एन. रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट सुरू झाला आणि दाबलेल्या मातीच्या विटांवर तिथे दीर्घकाळ काम झाले. त्याच दशकात देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यात ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ उभारले. कुंभाराने चाकावर घडवलेल्या निमुळत्या नळ्या एकीत एक बसवून कमानीचे छत करायचे, हे तिथले गाजलेले तंत्र. १९९० मध्ये नव्या साहित्याच्या प्रसारासाठी केंद्राने वेगळी परिषदच स्थापन केली. थोडक्यात, १९९० पर्यंत तंत्रांची वाण नव्हती. ती गवंड्याच्या हातात कशी जावीत, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

अभ्यासक काय म्हणतात

संघटनेची रचना आणि नवे तंत्र यांचा संबंध सर्वांत ठळकपणे मांडला तो टॉम बर्न्स आणि जी. एम. स्टॉकर यांनी, १९६१ मध्ये. स्कॉटलंड-इंग्लंडमधल्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्या पाहून त्यांनी दोन टोके सांगितली. एका टोकाला यंत्रासारखी संघटना: कामे ठरलेली, आदेश वरून खाली, नियम लेखी. दुसऱ्या टोकाला सजीवासारखी: कामे गरजेनुसार बदलणारी, सल्लामसलत आडवी. परिस्थिती स्थिर असेल तर पहिली बरी, वेगाने बदलत असेल तर दुसरी, असा त्यांचा निष्कर्ष होता. पहिली वाईट आणि दुसरी चांगली, असे त्यांनी म्हटलेले नव्हते. पुढच्या लेखनात मात्र त्यांचा निष्कर्ष पुष्कळदा तसा मांडला गेला.

बांधकामाला कारखान्याचे मोजमाप सरळ लागू पडत नाही, हे त्याआधीच १९५९ मध्ये आर्थर स्टिंचकोम्ब यांनी दाखवले होते. बांधकाम हंगामी असते, दर वेळी जागा वेगळी, काम वेगळे. कारखान्यासारखी कायमची नोकरशाही इथे परवडत नाही. म्हणून नियम कागदावर न राहता कारागिराच्या शिक्षणात मुरलेले असतात. सांधा किती जाड ठेवायचा हे गवंड्याला कोणी लिहून देत नाही. १९८१ मध्ये रॉबर्ट एकल्स यांनी अमेरिकेतल्या घरबांधणी व्यवसायात वेगळीच गोष्ट टिपली. मुख्य ठेकेदार आणि त्याचे पोटठेकेदार कागदोपत्री स्वतंत्र असले, तरी वर्षानुवर्षे एकमेकांबरोबरच काम करतात आणि जवळजवळ एका कंपनीसारखे वागतात. आपल्याकडचा मिस्तरी, त्याचा ठरलेला सेंट्रिंगवाला, ठरलेला प्लंबर आणि ठरलेला सळई-सिमेंटचा दुकानदार आठवला, की एकल्स काय म्हणतात ते लगेच कळते.

२००२ मध्ये अ‍ॅना ड्युबोआ आणि लार्स-एरिक गाडे या स्वीडिश अभ्यासकांनी या धाग्याला टोक आणले. एका साइटवर सगळे घट्ट बांधलेले असतात, साइट संपली की सगळे सुटतात. घट्टपणामुळे ते काम वेळेत होते. सुटेपणामुळे शिकलेले पुढे जात नाही. २००० मध्ये गॅन आणि सॉल्टर यांनीही हेच वेगळ्या बाजूने म्हटले होते: प्रकल्पांवर जगणाऱ्या कंपन्यांमध्ये ज्ञान प्रकल्पात तयार होते, पण कंपनीत साठत नाही. सारा स्लॉटर यांनी १९९८ मध्ये एक उपयोगी फरक सांगितला. काही बदल जागच्या जागी होतात, एका वस्तूऐवजी दुसरी वापरली की झाले. काही बदलांसाठी शेजारच्या सगळ्या कामांची मांडणी बदलावी लागते. पहिल्या प्रकाराला संघटना फारशी अडवत नाही, दुसऱ्याला अडवते.

या पायावर आज तीन भूमिका दिसतात.

पहिली भूमिका : वरून जोर लागतो

पहिल्या भूमिकेचे म्हणणे असे, की बांधकाम क्षेत्र इतके विखुरलेले आहे की नियम, मानके आणि मोठा ग्राहक यांच्याशिवाय ते हलणार नाही. राखेच्या विटेचा इतिहास हा त्यांचा मुख्य पुरावा. १९९९ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या परिघात राखेचा वापर बंधनकारक केला. २००३ मध्ये परीघ १०० आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झाला. ३१ डिसेंबर २०२१ च्या नव्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरण भरपाई लावली. महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र राख वापर धोरण स्वीकारले. भारतीय मानक आले, दरसूचीत बाब आली, मग बाजार आला. हुकमाशिवाय हे झाले असते का, असा या गटाचा सवाल आहे.

मोठ्या इमारतींचा अनुभवही ते पुढे करतात. हैदराबादचे सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर २००४ मध्ये खुले झाले. पुण्याच्या हडपसरमधला ‘सुझलॉन वन अर्थ’ हा ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी आखलेला परिसर २००९ चा. जळगावच्या जैन हिल्सवरचे गांधीतीर्थ २०१२ मध्ये खुले झाले. अशा कामांत जमीन ज्याची, पैसा त्याचा आणि पुढची देखभालही त्याचीच असते. बांधताना जादा खर्च केला तर वीज-पाण्याची बचत त्याच्याच खिशात येते. म्हणून वास्तुविशारद, अभियंता आणि ठेकेदार यांना पहिल्या दिवसापासून एका टेबलावर बसवणे त्याला परवडते.

धोरणाच्या पातळीवर याच विचाराचे फळ म्हणजे २ डिसेंबर २०२० ची राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली. हरित इमारतीच्या मानांकनानुसार ३, ५ किंवा ७ टक्के जादा चटईक्षेत्र तिने देऊ केले. नियमावली नगरपंचायतींनाही लागू आहे. आक्षेप इथेच येतो. पुण्या-नाशिकच्या विकासकाला सात टक्के चटईक्षेत्र म्हणजे पैसा. बोदवडसारख्या गावात बहुतेक घरे एक-दोन मजली, मूळचेच चटईक्षेत्र पुरे वापरले जात नाही. मग त्या सवलतीचे घरमालकाने करायचे काय?

दुसरी भूमिका : खालून उगवते

दुसऱ्या भूमिकेनुसार खरे प्रयोग लहान, आडव्या रचनेच्या गटांतच होतात, कारण तिथे आखणारा आणि बांधणारा यांच्यात अंतर नसते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांची केरळमधली पद्धत, १९८५ मध्ये त्रिशूरला सुरू झालेले ‘कॉस्टफोर्ड’, वर्ध्याचे केंद्र, २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये उभे राहिलेले ‘हुन्नरशाला’, मेळघाटात लवाद्याला सुनील देशपांडे यांनी उभारलेले ‘संपूर्ण बांबू केंद्र’, बांबूवरच काम करणारे कुडाळचे ‘कोनबॅक’ ही त्यांची उदाहरणे. या सगळ्यांत कारागीर हा आदेश पाळणारा नसून आराखड्यात हात घालणारा असतो. भिंत उभी राहताना चूक दिसली, तर दुरुस्तीसाठी मंत्रालयापर्यंत कागद पाठवावा लागत नाही.

महाराष्ट्रातला सर्वांत मोठा पुरावा किल्लारीचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर दोन पद्धती शेजारी शेजारी राबवल्या गेल्या. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. तिथली घरे मुख्यतः ठेकेदारांनी आणि देणगीदार संस्थांनी बांधली: सरळ रस्ते, सारखे आराखडे. कमी हानीच्या गावांत घरमालकांना मदत देऊन दुरुस्ती आणि मजबुतीकरण त्यांच्याच हाती सोपवले, सोबत तांत्रिक मार्गदर्शन दिले. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ने गावोगावच्या महिलांना संवाद सहायक म्हणून उभे केले. अभियंत्याचे म्हणणे घरमालकाला आणि घरमालकाचे अभियंत्याला सांगणे, हे त्यांचे काम. नव्या वसाहतींविषयी पुढच्या अभ्यासांनी तक्रारी नोंदवल्या: गुरांना जागा नाही, अंगणे तुटली, लोकांनी पुढे-मागे शेड काढून आराखडा बदलला. घरमालकांच्या हातची पद्धत मात्र पुढे गुजरातच्या पुनर्वसनातही स्वीकारली गेली.

याच किल्लारीने दुसरा धडाही दिला आणि तो या भूमिकेला अडचणीचा आहे. माती-दगडाच्या भिंती आणि माळवदाचे जड छत यांखाली माणसे गेली. पारंपरिक तंत्र केवळ परंपरेने चालत आले म्हणून सुरक्षित नसते. सांधे कसे बांधायचे, भिंतीला आडवे पट्टे कुठे द्यायचे, हे प्रयोगशाळेकडूनच आले. लहान गटांवर आणखी एक आक्षेप आहे. त्यांची कामे देखणी होतात, पण संख्येने थोडी राहतात, आणि मूळ माणूस गेला की गट अनेकदा थंडावतो.

तिसरी भूमिका : मधला दुवा

या दोहोंमधला मार्ग सांगणारी भूमिका अलीकडे बळावते आहे. वरचा नियम आणि खालचा कारागीर यांच्या मध्ये, प्रकल्प संपल्यावरही टिकून राहणारी संस्था हवी, असे तिचे म्हणणे. १९८०च्या दशकात कोल्लम जिल्ह्यात सुरू झालेले निर्मिती केंद्र हा तिचा नमुना. साहित्य बनवणे, गवंड्यांना शिकवणे आणि प्रत्यक्ष बांधणे या तीन गोष्टी एका छपराखाली आणायच्या. केंद्राच्या ‘हुडको’ या गृहनिर्माण महामंडळाने १९८८ पासून ही कल्पना देशभर नेली. केरळ-कर्नाटकात ती टिकली, अन्यत्र बरीच केंद्रे ओस पडली. ज्या राज्यांत सरकारी कामे अशा केंद्रांना थेट मिळू शकली तिथे ती जगली, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. टीकाकार म्हणतात, जगली खरी, पण हळूहळू तीही आणखी एक ठेकेदार बनली.

सहकाराचे उदाहरण इथे महाराष्ट्राने लक्षपूर्वक पाहावे असे आहे. कोझिकोडजवळची उरालुंगल लेबर काँट्रॅक्ट सहकारी संस्था १९२५ मध्ये स्थापन झाली आणि आज रस्ते, पूल, इमारती बांधणाऱ्या मोठ्या संस्थांत मोजली जाते. तिथे कामगार हेच सभासद आहेत. साइट संपली तरी माणूस संस्थेतच राहतो, म्हणजे त्याने शिकलेलेही राहते. ड्युबोआ-गाडे यांनी सांगितलेली गळती इथे रचनेनेच बुजवली आहे. आपल्याकडेही जिल्ह्याजिल्ह्यांत मजूर सहकारी संस्था आहेत आणि सरकारी छोट्या कामांत त्यांच्यासाठी वाटा राखलेला असतो. पण पुष्कळ संस्था नावाला मजुरांच्या आणि व्यवहाराला ठेकेदाराच्या, ही टीका जुनी आहे. सहकाराचे कलम एक असूनही फळ वेगळे का आले, याचे उत्तर कायद्यात सापडत नाही. सभासद रोज कामावर येतो का आणि नफा त्याच्या हाती पडतो का, यात ते शोधावे लागते.

एका घरकुलावर तिन्ही भूमिका

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झाली. किमान २५ चौरस मीटरचे घर, सपाट भागात १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य, त्याशिवाय रोजगार हमीतून मजुरी. ठेकेदार लावायचा नाही, घर लाभार्थ्यानेच बांधायचे, असा मार्गदर्शक सूचनांचा दंडक आहे. रचना म्हणून ही योजना दुसऱ्या भूमिकेची. हप्ते मात्र ठरलेल्या टप्प्यांवर, मोबाईलवरून ठिकाणासह काढलेल्या छायाचित्रानंतर सुटतात. म्हणजे देखरेख पहिल्या भूमिकेची. गवंडी प्रशिक्षण आणि ‘पहल’ या संग्रहातले हवामानानुसारचे घरांचे नमुने ही तिसऱ्या भूमिकेची बाजू.

कागदावर तिन्ही जमून आल्या आहेत. गावात काय होते ते पाहू. लाभार्थी रोजंदारीवर जाणारा असतो. तो मिस्तरीला काम उकते देतो. मिस्तरीचा हिशेब दिवसांवर असतो: जितके लवकर आटोपेल तितके पदरात जास्त. राखेची वीट मापात एकसारखी येते, कोपरे फुटत नाहीत, सांध्याला माल कमी लागतो, हे त्याला मान्य असते. पण तिचा पृष्ठभाग गुळगुळीत, प्लास्टर धरून राहावे म्हणून काळजी घ्यावी लागते. पुरेसे पाणी न मारता घाईने बाजारात आणलेली वीट भिंतीत बसल्यावर आकसते आणि भेगा पडतात. भेग दिसली की गावात नाव मिस्तरीचे जाते, वीट कारखानदाराचे जात नाही. लाल विटेने भेग पडली तर कोणी विटेला बोल लावत नाही. मिस्तरीची नापसंती अडाणीपणातून येते असे म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरते. भुर्दंड ज्याच्यावर, त्याचा तो हिशेब आहे.

पाण्याचा मुद्दा बोदवडला विशेष लागू पडतो. बोदवड-मुक्ताईनगर भागातल्या ८१ गावांच्या पाणीपुरवठा योजनेची रड तालुक्यात नेहमीची आहे. सिमेंटच्या कामाला पाणी मारायचे ते आठवडाभर तरी, आणि घरात प्यायच्या पाण्याची मारामार. कमी पाण्यात होणारे तंत्र इथे खरे तर आधी रुजायला हवे. पण छायाचित्राच्या टप्प्यात बसणारे जोते, लिंटल आणि स्लॅब हेच सगळ्यांना निर्धोक वाटते. स्लॉटर यांचा फरक इथे उपयोगी पडतो. विटेच्या जागी वीट हा जागच्या जागी होणारा बदल आहे, तो रखडत का होईना होतो. कमानीचे छत किंवा मातीची भिंत यांनी मिस्तरी, अभियंता, हप्ता आणि छायाचित्र या सगळ्यांचीच मांडणी बदलते, म्हणून ती वर्ध्याच्या आवारातून खानदेशात सहजी येत नाहीत.

अभियंत्याची बाजूही ऐकली पाहिजे. दरसूचीत नसलेली बाब घ्यायची तर दरविश्लेषण करून वरची मंजुरी आणावी लागते. पुढे लेखापरीक्षणात प्रश्न आला तर सही त्याची असते. जळगाव नगरपालिकेच्या १९९०च्या दशकातल्या ११,४२४ घरांच्या घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराचे प्रकरण जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने त्यात ४८ जणांना दोषी ठरवले, त्या निकालाविरुद्ध अपिलेही झाली. त्या खटल्याचा नव्या तंत्राशी संबंध नाही. पण नियमाबाहेर पाऊल टाकणाऱ्याला काय भोगावे लागू शकते, याची जाण अशा वातावरणात प्रत्येक कनिष्ठ अधिकाऱ्याला असते. नियमाच्या आत राहून फसलेला प्रयोग आणि गैरव्यवहार यांत फरक करणारी सोय यंत्रणेत नसेल, तर शहाणा माणूस प्रयोग करणारच नाही.

काय मान्य, काय अनिर्णित

तिन्ही भूमिकांत आता काही बाबतींत मतभेद उरलेले नाहीत. तंत्र उपलब्ध असणे पुरेसे नाही, हे सगळे मानतात. आराखडा, बांधकाम आणि देखभाल वेगवेगळ्या हातांत असली की दीर्घ बचतीचे तंत्र मागे पडते, यावरही एकमत दिसते. स्वस्तातली निविदा निवडण्याची पद्धत नव्या तंत्राला अडसर ठरते, हे ब्रिटनच्या १९९४ च्या लॅथम आणि १९९८ च्या ईगन अहवालांपासून जगभर बोलले जाते.

वाद उरतो तो पुढच्या प्रश्नांवर. पहिला, मोठे प्रमाण आणि चांगला दर्जा एकत्र येतात का? १ जानेवारी २०२१ रोजी केंद्राने सहा शहरांत नव्या तंत्रांच्या ‘लाइट हाऊस’ प्रकल्पांची पायाभरणी केली, त्यात महाराष्ट्रातले एकही शहर नव्हते. कारखान्यात भिंती बनवून साइटवर जोडण्याचे असे तंत्र शहरांतल्या मोठ्या वसाहतींना सोयीचे आहे. सुट्या-सुट्या घरांच्या गावात त्याचे गणित बसेल का, हे अजून कोणी दाखवलेले नाही.

दुसरा प्रश्न कारणाचा. लवचीक रचनेमुळे नवे तंत्र येते, की नव्या तंत्राची आवड असलेली माणसे लवचीक रचना करतात? बेकर किंवा देवेंद्रकुमार यांच्यासारख्यांच्या कामातून रचनेचे श्रेय आणि व्यक्तीचे श्रेय वेगळे काढणे कठीण आहे. बहुतेक अभ्यास यशस्वी संस्थांचे आहेत. ओस पडलेल्या निर्मिती केंद्रांचा तितक्याच बारकाईने अभ्यास झाला, तर या प्रश्नावर अधिक उजेड पडेल.

तिसरा, मोजायचे काय? मानांकने आराखड्याला आणि इमारत पुरी झाल्यावर गुण देतात. दहा वर्षांनी घर किती तापते, किती गळते, दुरुस्तीला किती लागले, हे बोदवडच्या माणसाच्या दृष्टीने खरे मोजमाप आहे. २ ऑक्टोबर २०२० पासूनच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानाने स्थानिक संस्थांना पर्यावरणाच्या कामाबद्दल गुण द्यायला सुरुवात केली, हे पुढचे पाऊल आहे. पण त्यातही घराच्या आतल्या उन्हाळ्याला जागा मिळायची आहे.

चौथा आणि माझ्या मते कळीचा प्रश्न स्मरणाचा. घरमालक घर एकदाच बांधतो, अभियंत्याची बदली होते, ठेकेदार पुढच्या निविदेकडे वळतो. गावात टिकून राहतो तो मिस्तरी, आणि नेमका त्याच्याकडेच अनुभव नोंदवण्याचे किंवा तो इतरांना देण्याचे साधन नाही. वरून जोर लावणाऱ्यांनी त्याला नियम पाळणारा मानले, खालून उगवते म्हणणाऱ्यांनी त्याला कलावंत मानले. कायम नोकरी किंवा सभासदत्व देऊन त्याच्या अनुभवाला घर देणाऱ्या संस्था मोजक्याच आहेत.

यातून लगेच करता येण्याजोगे काही आहे. पंचायत समितीने दरवर्षी पाच वर्षांपूर्वीची काही घरकुले निवडावीत. लाल विटेची, राखेच्या विटेची, जमल्यास अन्य तंत्राची. भेगा, गळती, मे महिन्यातले आतले तापमान आणि दुरुस्तीचा खर्च एवढेच नोंदवावे, आणि ती नोंद गवंडी प्रशिक्षणात मिस्तऱ्यांसमोर ठेवावी. त्याला नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. तिन्ही भूमिकांपैकी कोणती बरोबर, हे चर्चेतून ठरायचे तेवढे ठरले आहे. उरलेले उत्तर अशा नोंदीच देतील. आज ती नोंद ठेवणे ना अभियंत्याच्या कामात येते, ना ठेकेदाराच्या, ना मिस्तरीच्या. ज्या यंत्रणेच्या कामात ते येईल, तिची रचना शाश्वत बांधकामाला सर्वांत जवळची मानायला हरकत नाही.